पोलादाचा भाव आणि ‘मुंबई स्पेशल’

खारदांड्यात गंज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खिडकीचे गज घ्या, सायकलची साखळी घ्या, खारा वारा काही सोडत नाही. स्टेनलेस स्टील मात्र तग धरतं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा अगदी पातळ थर धातूवर धरतो, आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. पाण्यात, घामात, खेळात वापरायच्या घड्याळाला म्हणूनच हा धातू सोयीचा. पण हा कामाचा धातू सोन्याच्या भावाला कसा जाऊन बसला? आणि या इतिहासात आपली मुंबई कुठे येते? आज एवढंच बघायचं आहे.

सुरुवात भारतातूनच होते. 1930 च्या सुमारास इथले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळायचे आणि खेळताना मनगटावरच्या घड्याळाची काच फुटायची. त्यावर तोड म्हणून 1931 मध्ये ‘रिव्हर्सो’ आलं, अशी त्याची कथा सांगितली जाते. घड्याळाची पेटी उलटी फिरवायची, म्हणजे काच आत आणि धातूची पाठ वर. खेळाची गरज होती आणि तिच्यातून आकार निघाला, हे लक्षात ठेवा.

आता मुंबईकडे येऊ. फावर-ल्युबा हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. स्वित्झर्लंडमधलं 1737 पासूनचं हे घराणं 1865 च्या सुमारास भारताच्या बाजारात उतरलं आणि मुंबईत त्याने पक्कं बस्तान बसवलं. ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही घड्याळं इथे लग्नात मिळायची, पहिल्या पगारात घेतली जायची. याच कंपनीने 1962 मध्ये ‘बिव्हॉक’ काढलं, ते डोंगरावरची उंची आणि हवेचा दाब दाखवायचं. 1968 च्या ‘बॅथी’त तर पाण्याखालची खोली मनगटावर कळायची. म्हणजे आज ज्याला आपण स्पोर्ट्‌स वॉच म्हणतो, त्यात काम करणारं नाव मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीचं होतं.

मग 1969 च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सायकोने क्वार्ट्‌झ घड्याळ बाजारात आणलं. पुढे बॅटरीवरची घड्याळं स्वस्त झाली, वेळही जास्त अचूक दाखवू लागली आणि स्विस कारखाने हादरले. 1972 मध्ये ओदमार पिगे कंपनीने ‘रॉयल ओक’ मांडलं. ते रेखाटलं होतं जेराल्ड जेंटा यांनी. काचेभोवती अष्टकोनी कडी, तिच्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू. ही कल्पना जुन्या पाणबुड्याच्या धातूच्या टोपावरून सुचली, असं ते सांगायचे. पट्टा आणि पेटी सलग, सगळं पोलादी. किंमत 3,300 स्विस फ्रँक, म्हणजे कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त! 1976 मध्ये त्यांनीच पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’ केलं, त्याचा आकार जहाजाच्या बाजूला असते तसल्या खिडकीचा.

लोक विचारतात, पोलादाला एवढे पैसे कशाचे? पैसे हातकामाचे. पोलाद कठीण, त्याला धार देणं अवघड. रॉयल ओकचा सपाट भाग बारीक रेघांचा, मंद असतो. त्याला लागून तिरपी कड आरशासारखी चकचकीत. दोन्ही जिथे मिळतात ती रेघ सुरीसारखी सरळ लागते. एकदा जोरात पॉलिश मारलं की ती रेघ बोथट होते आणि झिजलेला धातू परत येत नाही. म्हणून संग्राहक पॉलिश न केलेल्या घड्याळाला जास्त पैसे मोजतात.

इथे आपल्या ‘मुंबई स्पेशल’चा विषय येतो. जगभरचे संग्राहक हा शब्द वापरतात आणि तो कौतुकाचा नाही. जुनं फावर-ल्युबा किंवा एचएमटी घ्यायचं, डायल नव्याने रंगवायची, काटे दुसऱ्याचे, चावी तिसऱ्याची, पेटी घासून चकाचक, आणि ‘जुनं अस्सल’ म्हणून विकायचं. भडक केशरी नाहीतर निळी डायल, वाकडी अक्षरं, जाड झालेला शिक्का, मिनिटांच्या रेघांशी न जुळणारे आकडे, या त्याच्या खुणा.

यातली फसवणूक फसवणूकच आहे. पण त्यामागच्या हाताला मी सरसकट चोर म्हणणार नाही. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते आणि दमट हवेने डायल काळी पडायची. तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती रंगवून दिली, कारण गिऱ्हाईकाला घड्याळ चालू हवं होतं आणि नव्यासारखं दिसायला हवं होतं. आपल्याकडे भांडं घासून लख्ख करणं म्हणजे त्याची काळजी घेणं. संग्राहकाच्या लेखी मात्र तीच काळजी पुरावा पुसून टाकते. लबाडी सुरू होते ती रंगवलेलं आहे हे लपवल्यावर.

आणि गंमत बघा. 2011 मध्ये फावर-ल्युबा हे नाव टाटा समूहाने घेतलं, पुढे ते एथॉस या भारतीय कंपनीकडे गेलं, आणि आता जुन्या आकारांवर नवी घड्याळं निघतात. ज्या रचनेचा वारसा म्हणून हे विकलं जातं, तिचे मूळ नमुने आपल्याच कपाटांत आहेत आणि आपणच ते रंगवून घेतोय.

तेव्हा घरी आजोबांचं ‘सी चीफ’ असेल तर एवढं करा. आतलं यंत्र साफ करून घ्या, तेल घालून घ्या, ते गरजेचंच आहे. पण ‘नवीन करून द्या’ असं म्हणू नका. डायलला हात लावू देऊ नका, पेटी घासू देऊ नका, आणि बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत मागा. बाजारात त्याला रॉयल ओकचा भाव येणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण या शहराने घड्याळ कसं वापरलं, याचा तो कागद आहे, आणि त्यावरची अक्षरं एकदा पुसली की पुन्हा लिहिता येत नाहीत.