प्रवाळाचे कलम

मराठीत पोवळे हे रत्न आहे. ते अंगठीत बसते आणि मंगळाला शांत करते, अशी समजूत आहे. ते एका प्राणिवसाहतीचा सांगाडा आहे, ही गोष्ट आपल्या भाषेने फारशी मनावर घेतलेली नाही. युरोपातील विद्वानही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवाळाला वनस्पतीच मानत. पाण्यात ठेवलेल्या फांद्यांवर उमलणारी पांढरी 'फुले' हा त्यांचा पुरावा होता. ही फुले नव्हेत, प्राणी आहेत, असे मार्सेचा वैद्य पेसोनेल याने १७२०च्या दशकात कळवले. रेओम्यूर याने ते पॅरिसच्या अकादमीपुढे मांडताना लेखकाचे नाव गाळले. लेखकाचे हसे होऊ नये, म्हणून! विद्वत्तेच्या इतिहासात असे सौजन्य विरळाच.

निवाडा झाला तो कात्रीने. १७४०मध्ये हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रेंब्ले याने गोड्या पाण्यातला हिरवा हायड्रा कापला. तुकडे जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी, असा त्याचा सरळ तर्क होता. तुकडे जगले, त्यांचे पूर्ण जीव झाले. पण ते चालतही होते आणि भक्ष्यही धरत होते. कलम करता येणारा प्राणी असू शकतो, हे मान्य करावे लागले, आणि रेओम्यूरनेही पेसोनेलला त्याचे श्रेय दिले.

तरीही प्रवाळ घरात आला तो या ज्ञानाच्या मार्गाने नव्हे, वेचणाऱ्या हातांनी. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६मध्ये तिने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा खेळावी म्हणून उघड्या खिडकीशी ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहण्याचे काम मोलकरणीकडे होते. (त्या मोलकरणीचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही.) प्रवाळांच्या वाढीविषयीची थिनबाईंची टिपणे १८५९मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना टिपा जोडणारे फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४च्या 'द ॲक्वेरियम' या पुस्तकाने मध्यमवर्गाला समुद्र दिवाणखान्यात आणण्याचे वेड लावले होते. काचेवरील कर १८४५मध्ये उठला होता आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचू लागली होती. पुढे काय झाले, ते त्यांचा मुलगा एडमंड गॉस याच्या 'फादर अँड सन' (१९०७) मध्ये वाचावे. हा ग्रंथ आपण पितापुत्रांतील श्रद्धासंघर्षासाठी वाचतो, ते योग्यच. पण वडिलांच्या पुस्तकांमुळे लुटल्या गेलेल्या खडकांतल्या कुंडांविषयीची त्यातील खंत आम्हांला त्याहून कमी वाटत नाही. जे डोळ्यांनी पाहावे असे पिता सांगत होता, ते वाचकांनी टोपलीत भरून नेले.

आजच्या घरगुती खाऱ्या टाकीत मृदू प्रवाळ कापून वाढवणारा माणूस, कळत नकळत, वेचणाऱ्यांपेक्षा ट्रेंब्लेला जवळचा आहे. सार्कोफायटनची छत्री धारदार पात्याने कापली, तर देठावर नवी छत्री येते आणि तुकड्याचा स्वतंत्र प्रवाळ होतो. मात्र कापलेला भाग बुळबुळीत स्राव सोडतो. त्यावर डिंक टिकत नाही. म्हणून तुकडा खडीत ठेवून वर सैल जाळी बांधतात आणि तो स्वतःच खडीला चिकटेपर्यंत वाट पाहतात. कापणी टाकीबाहेर करावी, कारण त्या स्रावातील रसायने शेजाऱ्यांना बाधू शकतात. खबरदारी म्हणून नंतर थोडे पाणी बदलतात, सक्रिय कोळसा वापरतात.

बागेचे शब्द येथे फसवे ठरतात. हवाईतील माउई बेटावर हाना येथील एका कुंडात 'मृत्यूचे शेवाळ' असल्याची दंतकथा होती. भाल्याची टोके त्याने माखत. १९७१मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातील विष, पॅलिटॉक्सिन, वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते शेवाळ नव्हतेच. तो पॅलिथोआ हा प्राणी होता, प्रवाळांचा नातलग. मृदू प्रवाळांच्या बरोबरीने हौशी लोक झोअँथिड म्हणून जे पाळतात, त्यांत त्याचे भाऊबंद असतात. ते कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ते चिकटलेला दगड घासण्यापूर्वी त्यावर उकळते पाणी ओतले, तर विष वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर हवेत पसरते. अशा साफसफाईनंतर घरातली माणसे ताप आणि श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत.