मत्स्यालयाची आरास

काचेपलीकडे पोहणारा मासा पाहताना प्रेक्षकाला रंग दिसतो, गती दिसते, खडक व जलवनस्पती यांची आरास दिसते. दिसत नाही तो त्या काचेवरून, खडकांच्या फटींतून आणि तळाच्या वाळूतून नित्य फिरणारा सफाईचा हात. मत्स्यालयाचा इतिहास हा माशांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः पुष्कळ अंशी तो या हाताचे श्रम कसे हलके होत गेले याचा इतिहास आहे.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळवर्गातील काही जीव लंडनला आणले. समुद्र दूर असल्यामुळे रोज ताजे खारे पाणी मिळणे शक्य नव्हते. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हापुन्हा ओतून त्यात हवा मिसळावी, असा उपाय त्यांनी योजला. ओतण्याचे हे कष्ट मात्र घरातील मोलकरणीच्या वाट्याला आले. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या. आरंभीच्या या प्रयत्नातच एक गोष्ट स्पष्ट झाली: मत्स्यालयाच्या सौंदर्याची किंमत कोणाला तरी श्रमाने द्यावी लागते.

ती किंमत निसर्गाकडूनच चुकती करून घेण्याची वाट रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखविली. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनांच्या एका पात्रात, म्हणजे सुमारे चोपन्न लिटरांच्या भांड्यात, दोन लहान सोनेरी मासे सोडले. तळाशी वाळू व चिखल, त्यात पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती आणि माशांना आडोसा मिळावा अशा रीतीने रचलेले मोठे दगड, एवढीच त्यातील आरास होती. काही काळाने वनस्पतीची पाने कुजू लागली, हिरवे शेवाळ पसरले व पाणी गढुळले. वॉरिंग्टन यांनी पाणी उपसून टाकले नाही. त्यांनी तळ्यातील गोगलगाई आणून सोडल्या. कुजकी पाने व शेवाळ हेच त्यांचे अन्न ठरले आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती व गोगलगाय यांच्या या परस्परावलंबनावरील निबंध १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचला गेला.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोखंड व काच यांनी बांधलेले मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमधील सुखवस्तू दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाट उसळली. हौसेबरोबर सोसही आला. शिंपल्यांचे ढीग, लहान लहान कमानी, कृत्रिम भग्नावशेष यांनी पेट्या भरू लागल्या. अशा आराशीतील प्रत्येक फट अन्नाचे उष्टे कण साठविते, ते कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. तो कमी पडला, की प्रथम मासा मरतो. चारी बाजूंच्या काचांतून येणाऱ्या प्रकाशाने शेवाळ फोफावते, ते निराळेच.

यावर उपाय म्हणून वॉरिंग्टन यांनीच पेटीचा आकार बदलला. समोरची बाजू तेवढी काचेची, बाकीच्या अपारदर्शक आणि मागची भिंत उतरती, अशी ही योजना होती. प्रकाश वरूनच येई. खडक त्या उतारावर टेकत, त्यामुळे पुढची काच मोकळी राही.

मोठ्या मत्स्यालयांना हा विचार लागू करण्याचे श्रेय विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांना दिले पाहिजे. लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान चालविणारे हे गृहस्थ पुढे हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचे व्यवस्थापक झाले. १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेले मत्स्यालय त्यांच्याच तत्त्वांवर उभे राहिले. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांतील पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यांनी खालच्या अंधाऱ्या हौदात ठेवले आणि वाफेच्या बळावर ते अखंड फिरते ठेवले. अंधारात शेवाळाला वाढता येत नाही. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते. म्हणजे स्वच्छतेचे मोठे काम आराशीच्या आड, नजरेबाहेर होऊ लागले.

कॅलिफोर्नियातील माँटेरे बे मत्स्यालय १९८४ मध्ये उघडले. तेथील समुद्रवनाच्या टाकीची उंची अठ्ठावीस फूट असून तीत सुमारे तेरा लाख लिटर पाणी मावते. दिवसा काच निर्मळ दिसावी म्हणून पाणी गाळून घेतले जाते. रात्री मात्र समुद्राचे न गाळलेले पाणी आत सोडतात. त्याबरोबर येणारे सूक्ष्म जीव कृत्रिम खडकांवर रुजतात, आणि अशा रीतीने आरास आपोआप घडत जाते. तरीही काचा पुसण्यास पाणबुडे उतरतातच. यंत्राने श्रम घटले, संपले नाहीत.

मुंबईत १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्यांनी काचेआडचा समुद्र प्रथम तेथे पाहिला. त्या दर्शनाने ज्याला घरी मोठी काचटाकी ठेवण्याची इच्छा झाली असेल, त्याला या इतिहासातून साधी शिकवण मिळते. दगड थोडे पण मोठे असावेत. त्यांच्या आणि काचेच्या मध्ये हात फिरेल एवढी जागा राखावी. वाळूचा थर पातळ व पुढच्या काचेकडे उतरता ठेवावा, म्हणजे गाळ समोर जमतो आणि नळीने सहज ओढून घेता येतो. ऊन थेट पडू देऊ नये. जी वस्तू धुण्यासाठी उचलता येणार नाही, ती पाण्यात ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पाहणाऱ्याचा डोळा आराशीने क्षणभर सुखावतो. मासा त्या पाण्यात अहोरात्र श्वास घेतो. म्हणून टाकी सजविताना पहिला मान पाण्याला आणि दुसरा ते निर्मळ ठेवणाऱ्या हाताला द्यावा. या दोहोंची सोय पाहिली, की शोभेला निराळे आमंत्रण द्यावे लागत नाही.