युरोपीय देशांचा ऊर्जावापर व नवीकरणीय ऊर्जेचा वाटा

एखादा देश वर्षभरात किती ऊर्जा वापरतो आणि तिच्यापैकी किती ऊर्जा वारा, ऊन, वाहते पाणी, भूगर्भातील उष्णता व जैव पदार्थ यांपासून मिळते, याची देशवार तुलना. युरोपात ही तुलना इतर खंडांपेक्षा अधिक काटेकोरपणे करता येते, कारण लक्झेंबर्ग येथील युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था सर्व सदस्य देशांची आकडेवारी एकाच पद्धतीने गोळा करते आणि 2004 पासूनची सलग मालिका उपलब्ध आहे. संघाबाहेरच्या नॉर्वे, आइसलँड अशा देशांचे आकडेही याच मालिकेत मिळतात. 2004 मध्ये संघाच्या ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेचा वाटा 9.6 टक्के होता. 2023 मध्ये तो 24.5 टक्के झाला. त्या वर्षी संघात स्वीडन सुमारे 66 टक्क्यांसह पहिला होता. त्यामागोमाग फिनलंड (सुमारे 51), डेन्मार्क (सुमारे 45) व लाटव्हिया (सुमारे 43) होते. बेल्जियम, लक्झेंबर्ग, माल्टा व आयर्लंड 15 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली रेंगाळत होते. वर्तमानपत्रांत बहुधा एवढीच क्रमवारी छापून येते. ती खोटी नाही, पण एवढ्यावरून कोणत्याही देशाच्या कामगिरीचा निवाडा करणे चूक ठरेल.

मोजमाप : ऊर्जेचा हिशेब दोन टप्प्यांवर होतो. खाणीतून निघालेला कोळसा, आयात झालेले खनिज तेल, अणुभट्टीत निर्माण झालेली उष्णता ही प्राथमिक ऊर्जा. वीजकेंद्रातील व तेलशुद्धीकरणातील घट वजा जाता घर, कारखाना व वाहन यांच्यापर्यंत प्रत्यक्ष पोचते ती अंतिम ऊर्जा. 2023 मध्ये संघाचा प्राथमिक वापर सुमारे 121 कोटी तेलसमतुल्य टन, तर अंतिम वापर सुमारे 89 कोटी टन होता. एक तेलसमतुल्य टन म्हणजे आपल्या वीजबिलातली 11,630 युनिट. त्या हिशेबाने संघातल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे 23,000 युनिट अंतिम ऊर्जा खर्च होते. तिच्यात घरची वीज थोडी आणि वाहनांचे इंधन, घर तापवण्याचा गॅस व कारखान्यांची भट्टी यांचा भाग फार मोठा असतो.

प्राथमिक ऊर्जेच्या हिशेबात एक संकेत दडलेला आहे आणि तो माहीत नसेल तर वाचक हमखास फसतो. अणुवीजकेंद्राची कार्यक्षमता 33 टक्के धरली जाते. म्हणजे तेथे तयार झालेल्या 100 युनिट विजेसाठी सुमारे 300 युनिट प्राथमिक ऊर्जा मांडतात. पवन व जलविद्युत यांच्या 100 युनिटांसाठी मात्र 100 च मांडतात. भूऔष्णिक विजेला तर केवळ 10 टक्के कार्यक्षमता गृहीत धरतात. त्यामुळे अणुऊर्जेवर चालणारा फ्रान्स कागदावर अधिक खर्चिक दिसतो. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तेथील प्राथमिक वापरात जी घट दिसली तिचा काही भाग या संकेतातूनच आलेला होता. आइसलँडचा दरडोई प्राथमिक वापर संघाच्या सरासरीच्या पाचपटीच्या आसपास जातो, त्यालाही काही अंशी हेच कारण आहे.

नवीकरणीय वाट्याची अधिकृत टक्केवारी मात्र ‘ढोबळ अंतिम वापरा’वर काढतात. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी जलविद्युत घटते. अशा चढउतारांनी देशाचे धोरणच बिघडले असे वाटू नये म्हणून जलविद्युतीची 15 वर्षांची व पवनविजेची 5 वर्षांची सरासरी हिशेबात घेतात. विमानांच्या इंधनालाही मर्यादा आहे. एकूण वापराच्या 6.18 टक्क्यांपेक्षा अधिक विमानवाहतूक हिशेबात धरत नाहीत. बेटांवर वसलेल्या सायप्रस व माल्टा यांना ही मर्यादा 4.12 टक्के आहे, कारण तेथे विमानाला पर्याय नाही. ही तरतूद न्यायाची आहे.

वापरातील तफावत : थंडी, उद्योगांचे स्वरूप, उत्पन्न व वस्तीची रचना या चार गोष्टींवर दरडोई वापर ठरतो. युरोपीय घरांत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन पंचमांश भाग फक्त खोल्या उबदार ठेवण्यासाठी लागतो. फिनलंडमध्ये हिवाळा लांब व कडक असतो आणि कागद, लगदा, पोलाद यांचे कारखानेही आहेत. त्यामुळे तो दरडोई वापरात वरच्या देशांत असतो. रोमानिया तळाच्या देशांत येतो. तेथील कमी वापरात काटकसरीइतकाच कमी उत्पन्नाचा आणि जुने अवजड कारखाने बंद पडल्याचाही भाग आहे. कमी वापराला सरसकट सद्गुण मानणे म्हणूनच योग्य नाही; थंडीत घर पुरेसे तापवणे न परवडणारी कुटुंबेही याच आकड्यांत मोजलेली असतात.

लक्झेंबर्गचे उदाहरण वेगळे आहे. तेथे पेट्रोल-डिझेलवरील कर शेजारच्या देशांपेक्षा दीर्घकाळ कमी राहिला. बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमा जवळ असल्याने मालमोटारी आणि रोज सीमा ओलांडून कामाला येणारे लोक तेथेच टाकी भरतात. इंधन जेथे विकले जाते तेथे ते नोंदले जाते, मग ते जळो कुठेही. त्यामुळे या लहान देशाचा दरडोई वापर फुगतो आणि नवीकरणीय वाटा खाली जातो.

आइसलँडमध्ये वीज जवळजवळ सर्वच नवीकरणीय आहे. सुमारे 70 टक्के पाण्यापासून आणि 30 टक्के जमिनीखालच्या वाफेपासून. दहापैकी नऊ घरे भूगर्भातल्या गरम पाण्याने उबदार ठेवली जातात. पण या विजेतला मोठा वाटा तेथील तीन ॲल्युमिनियम कारखाने घेतात. त्यांपैकी पूर्वेकडच्या कारखान्यासाठी कारानयुकर येथे 690 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारला गेला. त्या धातूच्या वस्तू वापरतात दुसरे देश, ऊर्जा मात्र आइसलँडच्या नावे पडते. उलट, जे देश पोलाद व सिमेंट बाहेरून आणतात त्यांचा आकडा आपोआप लहान दिसतो. सध्याच्या पद्धतीतील हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

विजेचा वाटा व एकूण वाटा : या दोहोंची गल्लत फार होते. जर्मनीत 2023 मध्ये वीजवापराच्या निम्म्याहून अधिक वीज नवीकरणीय स्रोतांतून आली. त्याच वर्षी एकूण ऊर्जेतला नवीकरणीय वाटा मात्र 22 टक्क्यांच्याही किंचित खाली होता. दोन्ही आकडे खरे आहेत. अंतिम वापरात विजेचा भाग एक चतुर्थांशाहूनही कमी असतो, उरलेला भाग मोटारींचे इंधन, घरांतला गॅस आणि कारखान्यांची उष्णता यांचा असतो आणि तेथे पवनचक्क्या सहज पोचत नाहीत. वाहतूक हे संघात सर्वाधिक ऊर्जा खाणारे क्षेत्र आहे (सुमारे 32 टक्के). त्यानंतर घरे व मग उद्योग येतात.

नॉर्वेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश आहे, त्याचे मर्म इथेच आहे. तेथे सुमारे नऊ दशांश वीज पाण्यापासून मिळते हे तर खरेच. पण ती वीज घरे तापवायला वापरली जाते आणि 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. विजेवर चालणारी मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत तेवढेच अंतर कापते, आणि हीट पंप एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. त्यामुळे वापर घटतो आणि वाटा वाढतो, दोन्ही एकदम. हाच नॉर्वे तेल व नैसर्गिक वायू यांचा मोठा निर्यातदार आहे. निर्यात केलेले इंधन मात्र घेणाऱ्या देशाच्या हिशेबात जाते.

स्वीडन व लाकडाचा प्रश्न : 1970 च्या सुमारास स्वीडनची सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा खनिज तेलातून येत असे. 1973 च्या तेलसंकटानंतर त्याने तीन वाटा एकाच वेळी धरल्या : जलविद्युत होतीच, तिला अणुवीज जोडली आणि शहराच्या एका केंद्रात पाणी तापवून नळांनी घरोघर पोचवण्याची व्यवस्था तेलावरून हळूहळू लाकडाचा भुसा, फांद्या व कचरा यांवर आणली. शेजारच्या फिनलंडने 1990 मध्ये जगात प्रथम कर्बकर बसवला. स्वीडनने तो 1991 मध्ये बसवला आणि पुढे वाढवत नेला. तेल महाग झाले तसे जंगलातला टाकाऊ माल किफायतशीर ठरला. कागदगिरण्यांत लगदा करताना उरणारा काळा द्रवही जाळून ऊर्जा मिळवली जाते. स्वीडनच्या यशात जंगलांचा हात मोठा आहे आणि दोन तृतीयांशांहून अधिक भूमी जंगलाखाली असलेला हा देश सर्वांना कित्ता म्हणून देता येणार नाही. करधोरण मात्र कोणालाही उचलता येईल.

संघाच्या नवीकरणीय ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा जैव इंधनांतून येते आणि तिच्यात लाकूड प्रमुख आहे. पवनचक्क्या व सौरपट्ट्यांची छायाचित्रे पाहणाऱ्या वाचकाला हे ठाऊक नसते. लाकूड जाळल्यावर निघणारा कर्ब ऊर्जाक्षेत्रात शून्य धरतात आणि जंगल तोडल्याची नोंद जमीनवापराच्या खात्यात करतात. झाड पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात, म्हणून शास्त्रज्ञांचा या गृहीतकावरचा आक्षेप जोरदार आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नव्या नियमांनुसार टिकाऊपणाचे निकष पुरे करणारे लाकूडच मोजता येते. घरगुती सरपणाची मोजदादही कठीण असते. पोलंडचा 2018 चा वाटा आधी 11 टक्क्यांच्या आसपास जाहीर झाला होता. घरगुती लाकूडवापराची नवी पाहणी हिशेबात घेतल्यावर तोच आकडा सुमारे 15 टक्क्यांवर गेला. एकही नवे वीजकेंद्र न उभारता हे घडले.

डेन्मार्क, फ्रान्स, पोलंड : डेन्मार्ककडे ना मोठ्या नद्या ना घनदाट जंगले. 1973 मध्ये तो जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर होता. पवनशक्तीवर त्याने सातत्याने काम केले. 1991 मध्ये विन्डेबी येथे समुद्रातील जगातले पहिले पवनक्षेत्र उभे राहिले, त्यात 11 पवनचक्क्या होत्या आणि एकूण क्षमता केवळ 5 मेगावॉट होती. ते 2017 मध्ये काढून टाकण्यात आले. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. वारा पडला की नॉर्वे व स्वीडन यांच्याकडून तारांवरून जलविद्युत येते. या शेजाराशिवाय डॅनिश प्रयोग एवढा सफल झाला नसता.

फ्रान्सने 1974 नंतर अणुऊर्जेचा मार्ग धरला. त्याची वीज बहुतांशी कर्बमुक्त आहे, पण अणुऊर्जा नवीकरणीय मानली जात नसल्याने वाट्याच्या क्रमवारीत तो मध्यावर राहतो. संघाने ठरवून दिलेले 2020 चे राष्ट्रीय उद्दिष्ट चुकलेला तो एकमेव सदस्य देश होता : हवे होते 23 टक्के, गाठले 19.1. हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर कोळशावर अवलंबून असूनही आपले लहान उद्दिष्ट पुरे करणाऱ्या पोलंडपेक्षा फ्रान्सची वीज कितीतरी स्वच्छ आहे. पोलंडमधले बेलखातूव हे लिग्नाइटवर चालणारे युरोपातले सर्वांत मोठे कोळसाकेंद्र आहे. मात्र तेथेही विजेतला कोळशाचा भाग काही वर्षांत 70 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या खाली आला, ही घसरण लक्षणीय आहे. ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी आपले शेवटचे कोळसाकेंद्र बंद केले. त्याच देशात 1882 मध्ये कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले होते.

उद्दिष्टे : 2009 च्या निर्देशाने संघासाठी 2020 सालचे 20 टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले आणि प्रत्येक देशाला वेगळा आकडा मिळाला, स्वीडनला 49, माल्टाला 10. कमी पडणाऱ्या देशाला दुसऱ्याची शिल्लक कागदोपत्री विकत घेण्याची मुभा होती. नेदरलँड्सने डेन्मार्ककडून किमान 8 अब्ज युनिटांएवढा वाटा 10 कोटी युरोंना घेतला आणि 14 टक्क्यांची रेषा गाठली. लक्झेंबर्गने त्याआधी लिथुआनिया व एस्टोनिया यांच्याशी असे करार केले होते. 2020 मध्ये संघाचा वाटा 22.1 टक्के झाला खरा, पण करोनाच्या टाळेबंदीत एकूण वापरच घटल्याने टक्केवारी उचलली गेली होती. पुढच्याच वर्षी मोटारी पुन्हा धावू लागल्या, लाकडाचे निकषही कडक झाले आणि आकडा 21.9 वर उतरला.

म्हणून वाटा नेहमी वापराच्या जोडीने वाचावा. 2006 मध्ये संघाचा प्राथमिक वापर 151 कोटी तेलसमतुल्य टनांवर होता. 2023 पर्यंत तो सुमारे एक पंचमांशाने घटला. या घटीत काही भाग घरांच्या भिंतींना व खिडक्यांना केलेल्या उष्णतारोधनाचा आहे, काही बंद पडलेल्या कारखान्यांचा, तर काही 2022 मध्ये रशियन वायू आटल्यावर भडकलेल्या किमतींचा.

2023 मध्ये सुधारलेल्या निर्देशांनुसार 2030 पर्यंत नवीकरणीय वाटा 42.5 टक्के करायचा आहे आणि अंतिम वापर 76.3 कोटी तेलसमतुल्य टनांपर्यंत उतरवायचा आहे. 2004 ते 2023 या 19 वर्षांत संघाचा वाटा जेमतेम 15 अंकांनी वाढला; 2023 नंतरच्या 7 वर्षांत तो 18 अंकांनी वाढावा लागेल.