वहीतलं ते पान

दोन वर्षांमागं पौष वारीच्या आधी नाशकातून कॉलेजची चार पोरं आपल्या गावात आली. संग्रहालयात वारीचं एक कपाट मांडायचं, म्हणून जुनी वीणा, पखवाज, फोटो, वह्या काय असेल ते मागत होती. आम्ही म्हणालो, बाबांनो, इतिहास राजांचा असतो, दिंडीचा कसला?

तेव्हा त्यांनी गढीचं सांगितलं. गोदाकाठची ती मातीची गढी आम्ही जन्मभर पाहतो. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि देव यांनी ती खणली. खाली जावं तसे थर लागले. वर मराठे-मुसलमानी अमदानी, त्याखाली सातवाहनांचा काळ, आणि तळाशी तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारांची वस्ती. त्याच हंगामात संगमनेराजवळ प्रवरेकाठी जोर्व्यालाही खणलं. तिथली लाल मडकी, वर काळी नक्षी, लांब तोटीची भांडी. तीन हजार वर्षांच्या वरची. गोरोबाकाकांनी थापटून पाहिली असती तर पक्कीच निघाली असती! राजा एकही नाही, सगळी आपल्यासारखी शेतकरी माणसं, आणि पुस्तकात नाव जोर्वे गावाचं.

दामोदर कोसंबींनी तर पुण्याकडं पालखीच्या वाटा पायी तुडवल्या, त्या वाटांवर गारगोटीची बारकी हत्यारं वेचली. म्हंजे आपण चालतो ती वाट देवळांच्याही आधीची. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर बरोबर चालतात, जेवायला मात्र वेगळे बसतात, हे बाईंना फार लागलं, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं.

हे ऐकलं आणि आमच्या पोटात गोळा आला. कारण पेटीतली वही आम्हाला ठाऊक होती. पीठ, गूळ, घासलेट, बैलांची पेंड असा सगळा हिशोब. पंगत पहिली, त्यात नावं. पंगत दुसरी, त्यात नावं. आणि खाली एक ओळ, ‘वेशीबाहेरचे पाच, कोरडा शिधा’. नावं नाहीत. साल १९३०. त्याच साली २ मार्चला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं दारात. आपल्या वहीत त्याचा एक शब्द नाही, पिठाचा भाव आहे.

आम्ही इतकी वर्षं चोखोबांच्या चरित्रावर कीर्तन करतो, बाया-माणसं डोळे पुसतात. वही मात्र कधी बाहेर काढली नाही.

बैठक बसली. काही वडीलधारे म्हणाले, वीणा द्या, वही राहू द्या, शंभरीच्या तोंडावर दिंडीची नाचक्की नको. आमचंही मन आधी तिकडंच होतं, खोटं कशाला लिहू. त्या पोरांतली मुलगी एवढंच बोलली, बाबा, मग आम्ही कपाटात अर्धीच दिंडी ठेवायची का?

आजचे आपले विणेकरी त्या पाचांतल्या एकाचे नातू. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पान दाखवा, पण नावं लिहा. तीन नावं त्यांना आजीकडून पाठ होती. उरलेल्या दोघांसाठी पोरं आठ दिवस घरोघर फिरली, सरकारी दप्तर पाहून आली, काही लागलं नाही.

वही कपाटात त्याच पानावर उघडी ठेवली. शेजारच्या पाटीवर तीन नावं आहेत, आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. कुणा घरी त्या दोघांची आठवण असेल तर विणेकरीबुवांना सांगावी.