गालिचे, जुने हातविणीचे

गालिचे, जुने हातविणीचे : मागावरील ताण्याच्या धाग्यांभोवती लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी हाताने मारून तयार केलेली लवदार आस्तरणे. शंभर वर्षांहून जुन्या गालिच्यास व्यापारात ‘पुरातन’ आणि त्याहून अलीकडच्या, परंतु काही दशके वापरलेल्या गालिच्यास नुसता ‘जुना’ म्हणण्याचा प्रघात आहे. गालिचा केवळ वयामुळे मौल्यवान ठरतो, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याची योग्यता लोकर, रंग आणि गाठ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. भारतीय गालिच्यांच्या बाबतीत या तिन्हींवर एकोणिसाव्या शतकातील घडामोडींचा खोल परिणाम झाला. म्हणून घरासाठी जुना गालिचा निवडताना त्याचा इतिहास माहीत असणे उपयुक्त ठरते.

तंत्र : गाठींचे दोन मुख्य प्रकार आहेत. तुर्की गाठीत धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांभोवती सारखा वळविलेला असतो, तर इराणी गाठीत तो एकाभोवती पूर्ण व दुसऱ्याभोवती अर्धाच वळविलेला असतो. गाठींची एक ओळ पुरी झाली की बाण्याचा धागा घालून ती पंज्याने ठोकून बसवितात व लव कात्रीने सारखी करतात. दोनऐवजी ताण्याचे चार धागे एकाच गाठीत घेतल्यास श्रम निम्मे होतात, पण वीण विरळ राहून लव लवकर झिजते. या फसव्या गाठीस ‘जुफ्ती’ म्हणतात.

इतिहास : ज्ञात गालिच्यांपैकी सर्वांत प्राचीन गालिचा सायबीरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यात १९४९ मध्ये मिळाला. तो इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील असून त्यात दर चौ. डेसिमीटरला सु. ३,६०० गाठी आहेत. भारतात या कलेस मोठा राजाश्रय अकबराच्या कारकीर्दीत (१५५६–१६०५) लाभला. आग्रा, फतेपूर व लाहोर येथील गालिचे विणणाऱ्यांचा उल्लेख अबुल फज्लच्या आइन-इ-अकबरीत आहे. लाहोरला विणलेला व १६३४ मध्ये लंडनला पोहोचलेला एक गालिचा तेथील गर्डलर्स कंपनीकडे आहे. दक्षिणेत वरंगळ हे प्रसिद्ध केंद्र होते.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर भारतीय गालिच्यांना यूरोपात मोठी मागणी आली. ती पुरविण्यास सरकारी तुरुंगही पुढे आले. लाहोर, आग्रा, येरवडा इ. तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. कैद्यांना मजुरी द्यावी लागत नसल्याने हा माल स्वस्त पडे आणि स्वतंत्र विणकरांना त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य होई. बेळगाव येथे जन्मलेले जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथात या पद्धतीवर कठोर टीका केली. तथापि तुरुंगातील सर्वच काम हलके नव्हते. इंग्लंडमधील विंझर राजवाड्यातील सु. २४ मी. लांब व १२ मी. रुंद असा अखंड गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला. येरवड्यास विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या आकृतिबंधांवरून गालिचे तयार करण्यात आले. आज संग्राहक अशा गालिच्यांना चांगली किंमत देतात. ज्यांनी ते विणले त्यांना मात्र मोबदला मिळाला नव्हता.

याच काळात रंगही बदलले. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला ॲनिलीन रंग तयार केला. सुरुवातीचे हे रंग भडक व स्वस्त असले, तरी ते उन्हात विटत आणि पाण्यात सुटत. मंजिष्ठेतील मुख्य रंगद्रव्य ॲलिझरीन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनविण्यात आले व ते मात्र टिकाऊ ठरले. विसाव्या शतकातील क्रोम रंगही पक्के असतात. तेव्हा कृत्रिम रंग म्हणजे हलका रंग, असे समीकरण मांडता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर भाग हा या धंद्याचा प्रमुख गड बनला. तेथे मागांवर बालकांना राबविले जाई. नाजूक बोटांवाचून बारीक गाठ पडत नाही, हे त्याचे समर्थन निराधार होते. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना या कामावर लावण्यास बंदी घातली. तथापि कुटुंबाच्या स्वतःच्या मागास त्यातून सूट होती. बालश्रमाविना विणलेल्या मालासाठी ‘रगमार्क’ ही खूण १९९४ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या गालिच्यांवर अशी कोणतीही खूण आढळत नाही.

पारख : गालिचा प्रथम उलटा करून पाहावा. हातविणीच्या गालिच्यात पुढचा आकृतिबंध मागे तितकाच स्पष्ट दिसतो व गाठी किंचित असमान असतात. मागे कापड चिकटविलेले असल्यास तो गाठींचा नसून टोचून केलेला असतो. टोकांच्या दशा म्हणजे ताण्याचेच धागे होत. त्या वेगळ्या शिवलेल्या असल्यास यंत्रकामाचा किंवा नंतरच्या दुरुस्तीचा संशय घ्यावा. दहा सेंमी. लांबी व रुंदीतील गाठी मोजून गुणाकार केला की घनता कळते. वळणदार वेलबुट्टीस दाट वीण आवश्यक असते, भौमितिक नक्षीस विरळही चालते. म्हणून केवळ गाठींच्या संख्येवर किंमत ठरवू नये.

ओले पांढरे फडके लवेवर दाबून रंग सुटतो का ते पाहावे. लव बोटांनी विभागून मुळाशी व टोकाशी असलेल्या रंगछटा ताडून पाहाव्यात. मुळाशी भडक व टोकाशी राखाडी झालेला जांभळा रंग बहुधा सुरुवातीच्या ॲनिलीनचा असतो. एकाच रंगाच्या पट्ट्यांतील सौम्य फरक हा दोष नव्हे. धाग्याचे निरनिराळे घाणे रंगविल्याची ती खूण आहे. गडद तपकिरी भागातील लव खाली गेलेली असल्यास तो लोहयुक्त रंगाचा परिणाम समजावा. गालिचा हलकेच दुमडताना करकर आवाज आल्यास सुती ताणा कुजलेला असतो. असा गालिचा स्वस्त असला तरी घेऊ नये. चारही बाजूंची किनार सारखी नसल्यास तो कापून लहान केलेला असण्याची शक्यता असते. कसरीने खाल्लेली लव व सैल कडा कुशल कारागिराकडून दुरुस्त होऊ शकतात.

शंभर वर्षांहून जुना कलात्मक गालिचा भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकतो व खाजगी व्यक्तीस अशी वस्तू निर्यात करता येत नाही. त्यामुळे परदेशी नेण्यासाठी गालिचा घेणाऱ्याने त्याच्या वयाविषयी खरेदीपूर्वीच तज्ज्ञाचे मत घेणे इष्ट ठरते.