टकळी, नई तालीम आणि हातांची आठवण

आष्टी म्हटलं की 16 ऑगस्ट 1942 आठवतो. त्याच्या पाच वर्षं आधी आपल्याच जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. शिक्षण हस्तोद्योगातून द्यायचं, म्हणून लहान मुलांच्या हाती टकळी आली.

टकळीवर सूत कातणं सांगून येत नाही. एका हातानं गिरकी द्यायची, दुसऱ्या हातातला पेळू बेतानं ओढायचा. ओढ जास्त झाली की धागा तुटतो, कमी झाली की जाड होतो. धागा तुटला की लहान मेंदू पुढचा अंदाज सुधारतो. सराव वाढला की ती हालचाल मेंदूच्या आत खोलवर, बेसल गँगलिया नावाच्या भागाच्या मदतीनं अंगवळणी पडते. मग बोलता बोलताही सूत निघतं. रात्रीची झोप हे शिकणं पक्कं करते, म्हणून एकदम चार तासांपेक्षा रोजचा अर्धा तास बरा. वयाचं म्हणाल, तर गांधीजी स्वतः चरखा शिकले ते पन्नाशीच्या आसपास!

हातांची आठवण वेगळी असते, याचा ठळक पुरावा अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यामुळे मिळाला. 1953 मध्ये, 27 व्या वर्षी, फिट्स थांबाव्यात म्हणून त्यांच्या मेंदूतल्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार झाला, पण हे आपण आधी केलंय हेच त्यांना आठवत नव्हतं.

आजी नातवाचं नाव विसरते, म्हणून घरचे तिच्या हातचं सगळं काम काढून घेतात. मला हे पटत नाही. अल्झायमरच्या सुरुवातीला हातांची सवय बरीच टिकून असते. वाती वळणं, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं तिला करू द्या. विळी आणि गॅसजवळ मात्र कुणीतरी असावं. पार्किन्सन्समध्ये बेसल गँगलियाचंच काम बिघडतं. तिथे नावं आठवतात, पण सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. तो वेळ त्यांना द्या.