फुकटाचे वतन आणि हातातला मोबाईल

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. आपला पेपर निघाला आहे एवढे चार ओळीत सांगायलाही तेव्हा जागा मिळत नव्हती. आज शंभर वर्षांनंतर उलटे झाले आहे. जाहिरात आपल्याला शोधत येते. एप्रिल लागला की आपल्या मोबाईलवर निळे झेंडे, निळे फेटे, बाबासाहेबांचे पुतळे आणि 'पाच मिनिटांत कर्ज' अशा जाहिरातींची रांग लागते. आपण जात कुठेच लिहिलेली नसते. मग कंपनीला कळले कसे?

हा प्रश्न आम्ही खुलताबादेत विहारातल्या अभ्यासवर्गात विचारला. मुलांना आपापल्या मोबाईलची सेटिंग उघडायला लावली. एका मुलाच्या टॉर्चच्या अ‍ॅपला त्याची फोनबुक आणि लोकेशन दोन्ही दिसत होते. बॅटरी लावायला मावशीचा नंबर कशाला लागतो, असे विचारल्यावर सगळे हसले. पण दुसऱ्या एका मुलाने मान खाली घातली. त्याने एका अ‍ॅपवरून काही हजारांचे कर्ज घेतले होते. हप्ता थकल्यावर फोन त्याला आले नाहीत, त्याच्या नातेवाइकांना आले. अ‍ॅप टाकताना त्याने 'अलाऊ' दाबले होते, एवढाच त्याचा गुन्हा.

मित्रांनो, 'फुकट' या शब्दाचा इतिहास आपल्याइतका कोणाला ठाऊक नाही. १८७४ च्या वतन कायद्याने मुंबई इलाख्यातला महार बांधला गेला होता. त्याला काय मिळत होते? थोडी इनाम जमीन आणि बलुते. आणि द्यावे काय लागत होते? रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, सांगावा पोचवायचा, आणि एकट्या वतनदाराने नव्हे तर सगळ्या घराने राबायचे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून यावर लिहिले आणि १९२८ मध्ये कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. वतन जमिनीच्या तुकड्यासारखे दिसते, पण ते गुलामीचे दावे आहे, हे त्यांनी समाजाला पटवून दिले. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. मोबाईलवरचे फुकट अ‍ॅप वतनाइतके क्रूर नाही, हे मान्य. पण सौद्याची रीत तीच आहे. हातावर थोडे ठेवायचे, बदल्यात चोवीस तास घ्यायचे, आणि एकाने होकार दिला की सगळे घर त्यात ओढायचे.

सगळे घर कसे ओढले जाते, हे २०१८ च्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात दिसले. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक अ‍ॅप होते. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते फक्त ३३५ जणांनी घेतले होते. पण त्यांच्या मित्रयादीतून ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. जगभरात हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता. माहितीचा उपयोग राजकीय प्रचारासाठी झाला.

कोणाला काय दाखवायचे यापेक्षा कोणाला काय दाखवायचे नाही, हा प्रश्न आपल्यासाठी मोठा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की, घरांची जाहिरात कृष्णवर्णीयांना दिसू नये अशी सोय फेसबुकवर होती. भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारणारा घरमालक आपल्याला माहीत आहे. तो निदान तोंडावर नाही म्हणतो, म्हणून त्याच्याशी भांडता येते. जी जाहिरात आपल्याला दिसलीच नाही, तिच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आडनाव, वस्ती, ग्रुप आणि जयंतीचे फोटो यांवरून जात ताडता येते. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही.

आपल्याकडे नोंदवहीचा इतिहासही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काय केले हे पाहिले नाही, तो कोणात जन्मला हे पाहिले. नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे याच कायद्याची. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी तरुणावरचा संशय रद्द झाला नाही.

म्हणूनच मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण मागितले होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत हा विषय आला, पण पुढच्या टप्प्यावर तो वगळला गेला. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मानला. बाबासाहेबांनी मागितलेल्या संरक्षणाच्या दिशेने जायला देशाला सत्तर वर्षे लागली.

इथे काही कार्यकर्ते विचारतात, "आपण जातनिहाय जनगणना मागतो, मग माहिती द्यायला विरोध का?" प्रश्न रास्त आहे. जनगणनेत माहिती कायद्याने घेतली जाते, एका माणसाचे नाव उघड होत नाही, आणि बेरीज सर्वांसमोर येते. त्या बेरजेवर आपण वाटा मागू शकतो. कंपनीकडे नेमके उलटे असते. बेरीज तिच्या तिजोरीत राहते आणि सुटा माणूस बाजारात उभा राहतो. आमचा विरोध मोजण्याला नाही. मोजणारा कोणाला उत्तर देतो, हा आमचा सवाल आहे.

याची किंमत खुलताबादला चांगली कळली आहे. इथे औरंगजेबाची साधी मातीची कबर आहे, तसा मलिक अंबरचाही मकबरा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, ही गोष्ट मोबाईल कोणाला दाखवत नाही. जून २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कोल्हापूर पेटले. मार्च २०२५ मध्ये याच कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत आम्ही दोन मुलांचे मोबाईल शेजारी ठेवून पाहिले. एकावर कबरीचे व्हिडिओ संपत नव्हते, दुसऱ्यावर नावालाही नव्हते. दोघे एकाच गल्लीतले. जो जास्त वेळ थांबतो त्याला जास्त दाखवायचे, कारण थांबलेल्या डोळ्यांसमोर जाहिरात विकता येते. कंपनीला धर्म नसतो. पण राग विकला जातो हे तिला कळते, आणि दगड मात्र आपल्या पोरांच्या हातात येतो.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात कामाच्या गोष्टी आहेत. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही मागता येण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. पण याच कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आणि माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. शिष्यवृत्ती कोणाला मिळाली, घरकुल कोणाच्या नावावर गेले, हे विचारताना 'वैयक्तिक माहिती' म्हणून दार लावले जाण्याची भीती आहे. गरिबाची माहिती कंपनीकडे उघडी आणि अधिकाऱ्याची माहिती गरिबाला बंद, असे होऊ द्यायचे का?

मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना 'केसरी'त जागा नव्हती, त्यांनी हे हत्यार सोडू नये. पण हत्यार आपल्या हातात हवे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. प्रत्येक अ‍ॅपची परवानगी तपासा. फोनबुक, लोकेशन, माईक यांची गरज नसेल तर बंद करा. जाहिरातींच्या सेटिंगमध्ये कंपनीने आपल्याबद्दल काय ठरवले आहे ते वाचा. कर्जाच्या अ‍ॅपआधी बचत गटाच्या ताईंना विचारा. आणि माहिती अधिकारातल्या बदलाविरुद्ध तहसीलवर निवेदन द्या.

वतन सोडताना आपल्या आज्या-पणज्यांना पोटाची भाकर पणाला लावावी लागली. आपल्याला फक्त 'अलाऊ' दाबण्याआधी थांबायचे आहे.

जय भीम!